टुटू आणि पणत्या

गेल्या दिवाळीत पुण्याची नात चारठाण्याला आली, ती फुगीर जाळीचा तोकडा झगा घालूनच! "आजी, हा टुटू. बॅलेवाल्या मुली घालतात." मी कपाळाला आठ्या घातल्या, "काय बाई हे उघडे गुडघे!" पोर हिरमुसली.

सून हसून म्हणाली, "आई, १८३२ साली पॅरिसला मारी तालिओनी पांढरा जाळीदार झगा घालून नाचली. तो लांब होता. पुढे पावलांचे कसब दिसावे म्हणून आखूड होत गेला." मी वरमले. आपल्या नऊवारीचा काष्टा तरी पायांना मोकळीक देतोच की!

"पण एमा लिव्रीचा त्याच जाळीने घात केला," सून पुढे म्हणाली. "१८६२ साली तालमीत गॅसच्या दिव्यावर झगा पेटला. काही महिन्यांनी ती गेली. सहजी न पेटणारे कापड तिने कुरूप म्हणून नाकारले होते."

मी अंगणाकडे पाहिले. जमिनीवर पणत्यांची रांग! मी लांबीवर रागावत होते, धोका जाळीत होता.

त्या रात्री नातीला सुती परकर नेसवला. सकाळी पणत्या विझल्यावर मीच तिला टुटू दिला. अंगणभर गिरक्या झाल्या, आणि टाळ्या मी वाजवल्या!