तिथं आपलं कोण आहे?

मुलीला परदेशी तालमीची संधी मिळाली, की आमच्या घरांत फीच्याही आधी प्रश्न येतो, ‘तिथं आपलं कोण आहे?’ आम्ही शिक्षक असलो तरी आईबापही आहोत. ही काळजी आम्हाला खोटी वाटत नाही.

युरोपात याचं उत्तर विद्यार्थ्यांनीच शोधलं. १९८७ साली तिथं इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. पैशांची मदत होती, पण परक्या शहरात खोली शोधायला, कागदपत्रं भरायला सोबत हवी होती. त्यासाठी १९८९ मध्ये विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली, इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क. तिच्या शाखा स्थानिक विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून चालवतात. नव्याला एक सोबती देतात, सहली काढतात, देशोदेशीच्या जेवणाचे कार्यक्रम ठेवतात.

इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीवर आपल्याकडची मुलंही जातात. आमची एक विद्यार्थिनी अशीच पोर्तुगालला गेली. तिला मिळालेली सोबतीण पहिल्याच आठवड्यात तिच्याबरोबर हलाल दुकान शोधत फिरली. ईदला खोलीवर चार देशांच्या मुली शीरखुर्मा खायला जमल्या. फोटो पाहून तिच्या अम्मीची झोप परत आली.

आपल्या शहरांतल्या कॉलेजांतही दूरगावच्या मुली येतात. त्यांच्याही घरी हाच प्रश्न विचारला जातो. खोली बघायला सोबत जाणं, जुम्म्याला जेवायला बोलावणं, एवढं तर आपल्या मुलींना सहज जमेल. मेहमाननवाजी आपल्याला नवी नाही.