तो बा, ती बा

ब ला काना बा. बाराखडी घोकताना या अक्षराचा अर्थ कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारलाच तर गुरुजींची पंचाईत व्हायची. कारण अर्थ सांगायचा तर आधी भाषा कुठली ते ठरवायला हवं. विरार-डहाणू पट्ट्यात राहणाऱ्यांना ते रोजच ठरवावं लागतं.

मराठीत बा म्हणजे बाप. नावाला चिकटला की तो माणसाला वडीलधारेपण देतो: धोंडिबा, ज्ञानोबा, तुकोबा. देवसुद्धा आपल्याकडे याच अक्षराने घरातले होतात: खंडोबा, म्हसोबा, विठोबा. पुढे ही हाक वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली असावी, की तिच्यातला बापच निघून गेला. 'नको बा', 'कोण बा हा', 'असेल बा' म्हणताना समोर कुणाचाच बाप नसतो. तिथे थोडी शंका असते, थोडा कंटाळा आणि बरंचसं अंग काढून घेणं. 'असेल' म्हणणारा कबुली देतो. 'असेल बा' म्हणणारा हात झटकून मोकळा होतो.

तलासरीच्या पुढे गेलं, की याच बाच्या अंगावर लुगडं चढतं. गुजरातीत बा म्हणजे आई, आणि बऱ्याच घरांत आजीसुद्धा. आपल्याकडे जो बा नावाला लागून पुरुषाला मोठेपण देतो, तोच काठियावाडात बायकांच्या नावापुढे मानाने बसतो. 1916 साली विनायक नरहर भावे नावाचा विशीतला कोकणी तरुण अहमदाबादजवळच्या गांधीजींच्या कोचरब आश्रमात आला आणि तिथे त्याचा विनोबा झाला. त्याच आश्रमात कस्तुरबाही होत्या. एकाच अंगणात दोन बा वावरत होते. एकाने एका तरुणाला संतांच्या पंगतीत बसवलं होतं आणि दुसऱ्याने एका बाईला साऱ्या आश्रमाची आई केलं होतं. त्या आईने 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये देह ठेवला. अख्ख्या देशाच्या 'बा'ची समाधी मराठी मुलखात आहे.

पण बा ऐकायचा तर आमच्या गाडीत. 16 एप्रिल 2013 ला डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. त्याआधी शटल आणि मेमू होत्याच. दुपार कलताना विरारहून निघालेल्या गाडीत सफाळ्याच्या भाजीवाल्या बाया परतत असतात. रिकाम्या टोपल्या एकीत एक घातलेल्या, चुंबळ मांडीवर, आणि बोटं कनवटीच्या नोटा सारख्या करण्यात गुंतलेली. अशाच एका दुपारी समोरच्या बाकावर डहाणूकडे निघालेली एक गुजराती आजी बसली होती. नातवाने तिचा पदर ओढला, "बा, पाणी आपो ने." आजीने त्याला बाटली दिली आणि डबा उघडून थेपला भाजीवालीपुढे धरला. ही लाजून म्हणाली, "नको बा." आजीचा हात जरा थबकला. या बाईने आपल्याला आई म्हटलं, असाच तिचा समज झाला असणार, कारण दुसऱ्या क्षणी थेपला सरळ हिच्या ओंजळीत गेला. तेवढ्यात दारात लोंबकळणारा एक पोरगा फोनवर ओरडत होता, "हँ, सब ठीक बा. आज रात के ड्यूटी बा." तो बोईसरला उतरणारा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असावा. वैतरणेच्या पुलावर गाडीचा खडखडाट वाढला, तसा तो आणखी मोठ्याने ओरडू लागला.

या पोराच्या तोंडचा बा ना आई, ना बाप. भोजपुरीत बा म्हणजे 'आहे'. तो संस्कृत 'वर्तते'मधून आला. म्हणजे आपल्या 'वर्तमान'ची आणि पर्यायाने रोज सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्राची मुळी त्याच धातूत आहे. आपण जो शब्द छापील भाषेसाठी राखून ठेवला, तो पूर्वांचल आणि बिहारच्या माणसाने बोलून बोलून एका अक्षरावर आणला. 2020 साली मनोज बाजपेयीचं 'बंबई में का बा' गाजलं, तेव्हा मराठी कानाला त्यात भलतंच ऐकू यायचं. आपला 'का बा?' म्हणजे 'का बरं?' त्यांचा 'का बा?' म्हणजे 'काय आहे?' गंमत अशी, की गाव सोडून आलेल्या माणसाला हे दोन्ही प्रश्न विचारता येतात.

दक्षिणेकडे अक्कलकोट-जतच्या बाजूला गेलात, तर बा कुणाचा नातेवाईकही उरत नाही. कानडीत बा म्हणजे 'ये'. तमिळमधला 'वा' तोच; शब्दारंभीच्या व चा कानडीत ब होतो, एवढाच फरक. पंढरीला कानडी वारकरीही मोठ्या संख्येने येतात. 'विठोबा' या हाकेतलं शेवटचं अक्षर त्यांच्या कानाला 'विठो, ये' असं लागत असेल का? व्युत्पत्तीच्या पंडितांना हे मुळीच पटणार नाही, पण वाळवंटातल्या माणसाला पटायला हरकत नाही.

पुढची यादी लांबत जाते. व्हिएतनामीत बा म्हणजे तीन, आणि तिथल्या दक्षिणेत बापही. चिनीत आवाज चढा आणि सपाट ठेवला तर आठ, खाली टाकला तर बाप. प्राचीन इजिप्तमध्ये बा हा माणसाच्या आत्म्याचा एक भाग होता. चित्रात त्याला पाखराचं अंग आणि माणसाचं तोंड असे.

यांतल्या बऱ्याच जणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण इतक्या ठिकाणी आई-बापच पुन्हा पुन्हा का भेटतात, याचं उत्तर रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने शोधलं. त्याच्यापुढे जगभरच्या भाषांतले आई-बापांसाठीचे 1,072 शब्द होते. त्याचं म्हणणं साधं आहे. मिटलेले ओठ उघडले की मा, बा, पा हे आवाज निघतात. तान्ह्या पोराला तेच आधी जमतात. पोर नुसतं बडबडतं. 'मलाच हाक मारली' हे घरातली मोठी माणसं ठरवतात. म्हणून जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप. मग बा वर मराठी बापाने हक्क सांगितला आणि गुजराती आईने तो आधीच घेतलेला निघाला, यात नवल कसलं?

म्हणून शब्द आपला आणि अर्थही आपलाच, हा हट्ट या पट्ट्यात फार वेळ टिकत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, पण वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती आणि तारापूरच्या कारखान्यांमागोमाग आलेली भोजपुरी त्याआधीपासून एकाच गाडीने जात-येत होत्या. हल्ली भाषेवरून डब्यातसुद्धा माणसं हमरीतुमरीवर येतात. मराठी इथली आहे, ती इथे बोललीच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. पण बोलण्याआधी ऐकायलाही हवं. शेजारच्याच्या तोंडून ओळखीचा शब्द आला आणि अर्थ लागेना, तर भुवया चढवू नका. जरा सरकून त्याला जागा द्या आणि गाडीत आपण सगळेच विचारतो तेवढंच विचारा: गाव कुठलं?