तीन रकाने

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. रायपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. तीन मिनिटांच्या हिशेबाने पैसे पडायचे, त्यामुळे कॉल कधी लागला, कधी संपला, हे तिकिटावर टिपायचा हात त्यांना बसला होता. निवृत्तीनंतर त्या रायपुरातच, तात्यापाऱ्यात आमच्याकडे राहायला आल्या. माझी पीएच.डी. पुरी झाली ती त्यांच्यामुळे.

माझा विषय होता माधवराव सप्रे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, दासबोध आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे, १९२६ मध्ये याच रायपुरात देह ठेवणारे सप्रे. विषय जिवाभावाचा, तरी प्रकरणं रखडत होती. ‘हिला वेळेचं नियोजन जमत नाही,’ असं घरीदारी सगळे म्हणत आणि मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

आत्याबाईंना ते पटेना. त्यांनी एका वहीत तीन रकाने पाडले: कधी बसली, कधी उठली, कोणी उठवलं. नोंदी त्यांनी स्वतःच केल्या. तिसऱ्या रकान्यात गॅसवाला, सासऱ्यांचं औषध, मुलाचा डबा, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाची यादी आणि ‘जरा चहा टाक’ म्हणणारा त्यांचा सख्खा भाचा. एके रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी ती वही त्याच्यापुढे सरकवली.

‘यात हिचा आळस कुठे आहे, बोट ठेवून दाखव बाळा.’

दुसऱ्या दिवसापासून डबा आणि सकाळचा चहा त्याच्याकडे गेला. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं जातात असं निघालं, ते मी फार नंतर वाचलं. आमच्या वहीतलं प्रमाण त्याहून वाईट होतं.

एवढं होऊनही लिखाण पुढे सरकेना. तिसरा रकाना कोरा, आणि मी पुस्तकांचं कपाट पुन्हा पुन्हा लावतेय. आत्याबाई रागावल्या नाहीत. ‘भीती कसली वाटते गं?’ एवढंच विचारलं. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल माझ्या हातून उणंअधिक लिहिलं गेलं तर, ही ती भीती. याआधी मला ती कोणी विचारलीच नव्हती.

‘मग लिहू नकोस. तू बोल, मी उतरवून घेते.’

पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर वही, अशा त्या बसायच्या. मी अडखळले की पेन उचलून धरायच्या, पण वर बघायच्या नाहीत. दासबोधाच्या अनुवादावरचं अख्खं प्रकरण असं त्यांच्या बारीक, तिरक्या अक्षरात उभं राहिलं. माणूस चालढकल करतो ती बरेचदा कामाने मनात उठणारी अस्वस्थता तेवढ्यापुरती टाळण्यासाठी, असं फ्यूशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं. ते वाचताना ते उचललेलं पेन माझ्या डोळ्यांपुढे होतं.

आत्याबाई आता नाहीत. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या मुलींचं काम रखडलं की बोलण्याआधी मी त्यांना तीन रकान्यांची वही लिहायला सांगते. मागे एकीच्या वहीत रोज पहाटेपुढे एकच शब्द होता, ‘पाणी’. तिच्या मुदतवाढीच्या अर्जाला मी शिफारस जोडली आणि तिच्या घरच्यांना भेटायला गेले.