नाकावरचं भिंग डोळ्यात गेलं

पूर्वी आमच्या वर्ध्याकडच्या खेड्यांत मोतीबिंदू झाला की एकच सल्ला मिळायचा, "पिकू द्या." पिकेपर्यंत म्हातारं माणूस ओसरीवर बसून आवाजावरून माणसं ओळखायचं. मग कुठल्याशा शाळेत शिबिर लागायचं. ऑपरेशन झालं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. पट्टी सोडायच्या सकाळी अख्खं गणगोत भोवती. डॉक्टर बोटं दाखवून विचारायचे, "किती?" आजीनं "दोन" म्हटलं तेव्हा माझी आई रडली होती. तो सोहळा आता राहिला नाही, त्याची हुरहूर वाटते.

त्यानंतर आला तो जाडजूड चष्मा, दहा-बारा नंबरचा. त्यातून सगळं पाव पटीनं मोठं आणि म्हणून जवळ दिसे. आजी वरण वाढायची तर धार वाटीच्या अलीकडे ताटातच पडायची. बाजूनं आलेलं पोर तिला एकदम समोर उगवल्यासारखं वाटे आणि ती दचके. अशा भिंगाच्या कडेपाशी प्रकाश इतका वाकतो की तिथला गोल पट्टाच नजरेतून गळतो. ऑपरेशनमध्ये काढलेलं भिंग डोळ्याच्या आतलं, बदली भिंग मात्र नाकावर; सगळा घोटाळा त्या बोटभर अंतराचा.

लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली प्लास्टिकचं भिंग थेट डोळ्यातच बसवलं. महायुद्धात विमानाच्या प्लास्टिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्यांनी ते सोसले, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ते भिंग गरिबाला परवडायला दशकं गेली. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून ते स्वस्तात बनवायला घेतलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथं १९९० मध्ये मेडिकल कॉलेज आलं. तिथल्या विनोबांच्या नावाच्या दवाखान्यात आता खेड्यापाड्यातले म्हातारे हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसतात. आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी मोजावी लागते; ती मोजताना एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच-तीननं चुकतो. म्हणून हल्ली डोळ्याला हातही न लावता प्रकाशाच्या किरणानं ती मोजता येते. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

तरी "पिकू द्या" अजून ऐकू येतं. ऐकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धूसर दिसत असेल तर या आठवड्यातच तपासायला न्या.