राखलेले केस

पुरुषाने केस राखले की त्याच्या डोक्यावर सगळ्यांचा हक्क सुरू होतो. घरचे बोलतात, गल्लीतले बोलतात, मशिदीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा नमाज संपल्यावर दोन शब्द सुनावून जातो. आमच्या घरात हे गेली दोन वर्षे चालले आहे. धाकट्या भावाचा मुलगा १८ वर्षांचा आहे, नगरला आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकतो. दहावीनंतर त्याने केसांना कात्री लावू दिली नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. त्या हिशोबाने ते आता खांद्याला लागले आहेत.

पोराला विचारले तर म्हणतो, "बडे अब्बा, सुन्नत है." यात आवडीचा भाग किती आणि सुन्नतीचा किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पण तो खोटे बोलत नाही. पैगंबरसाहेबांचे केस कधी कानाच्या पाळीपर्यंत, कधी खांद्याजवळ असत, असे हदीसमध्ये येते. अरबीत या लांबींना वफरा, लिम्मा, जुम्मा अशी वेगवेगळी नावे आहेत. मात्र याच विषयावरची दुसरी बाजू आपले तरुण सांगत नाहीत. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये तर डोके-दाढी विस्कटलेला एक माणूस मशिदीत येतो आणि पैगंबरसाहेब त्याला बाहेर जाऊन नीट होऊन येण्याची खूण करतात. केस वाढवणे फुकट असते, मेहनत पुढे आहे.

ही मेहनत आमच्याकडे अम्मीने पत्करली. नगरचे पाणी मुळा धरणाचे. पण नळाला पाणी नसले की बोअरचे वापरावे लागते आणि ते जड असते. अशा पाण्यात साबण फुटतो, त्याचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस झाडूसारखे होतात. अम्मी रात्री रिठे आणि शिकेकाई भिजत घालते, सकाळी उकळून, कुस्करून, जुन्या ओढणीतून गाळते. रिठ्याच्या फेसाचा जड पाण्यात तसा साका होत नाही. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. तिच्या सासूने शिकवले. डोळ्यांत गेले तर मात्र पोरगा घर डोक्यावर घेतो.

विंचरण्याचेही तिचे शास्त्र आहे. ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालायची नाही. रुंद दातांचा कंगवा घ्यायचा, आधी टोके सोडवायची, मग हळूहळू वर जायचे. गुंत्याच्या वर केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. रबर बँड बंद, कापडाची पट्टी. पोरे टाळूवर गच्च बुचडा बांधतात, त्याने कपाळावरचे केस कायमचे मागे हटू शकतात, हे डॉक्टरही सांगतात. आणि गुस्लच्या वेळी एक गोष्ट: आपल्या हनफी मसल्यात मुळे भिजत असतील तर बाईला वेणी न सोडण्याची सवलत आहे, पुरुषाला नाही. त्याने वेणी सोडलीच पाहिजे.

भावाला यातले काही ऐकायचे नसते. गंमत अशी की त्याच्याच डोक्यावर पाच वर्षांचा होईपर्यंत पीराच्या नावाची चोटी होती. अम्मीची दोन मुले दगावली होती, म्हणून तिने मन्नत मागितली होती. ती चोटी दर्गादायऱ्याला शाह शरीफ यांच्या दर्ग्यात उतरवली. मालोजीराजांनी याच शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. दख्खनच्या मुसलमानांतली ही चोटीची चाल १८३२ साली छापलेल्या 'कानून-ए-इस्लाम'मध्येही नोंदलेली आहे. पुढे मौलवींनी सांगितले की थोडे केस कापून थोडे ठेवणे मना आहे, आणि आमच्या मोहल्ल्यातून चोट्या गेल्या.

या जिल्ह्याला केसाळ पुरुषांचे नवल कधीच नव्हते. शिर्डीच्या साईबाबांनी ऐन तारुण्यात डोईचे केस राखले होते आणि पोशाख मात्र पैलवानाचा होता, असे दाभोलकर 'साईसच्चरिता'त लिहितात. अरणगावच्या मेहेरबाबांच्या तरुणपणीच्या फोटोंत खांद्यावर रुळणारे केस दिसतात. त्यांची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. १९३६ साली त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आणि मस्त फकिरांसाठी आश्रम काढला आणि ज्यांच्या जवळ कोणी फिरकत नसे अशा माणसांना स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. ज्याच्या केसांना महिनोन् महिने जट धरली आहे त्याच्या डोक्याला हात लावणे काय असते, हे उर्सात मलंग पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

भावाला खटकते ते केस नव्हेत. मागच्या वर्षी एसटीत दोघांनी पोराचे केस पाहून त्याला नाव विचारले, गाव विचारले, मोबाइल दाखव म्हणाले. काही झाले नाही, पुढच्या थांब्यावर ते उतरून गेले. पोराने घरी हसत सांगितले. भाऊ हसला नाही. "भाईजान, अपने बच्चों ने नजर में नको आना," एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने कात्री आणून टेबलावर ठेवली. अम्मीने ती उचलून शिवणाच्या डब्यात टाकली.

आयटीआयतल्या निदेशकांनीही पोराला हटकले होते. लेथचा चक फिरत असताना त्यात बट अडकली तर टाळूसकट जाईल. बांधून टोपीखाली घाल, नाहीतर कापून ये, असे ते म्हणाले. पोराने त्याच दिवशी टोपी घेतली. हे कारण आम्हाला पटते. यंत्राला माणसाचे नाव कळत नाही. भावाचे कारण आम्हाला पटत नाही आणि खोडताही येत नाही.

आता पोराला एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागायचे आहे, आणि भावाने निवाडा आमच्यावर सोपवला आहे. केस तुझे, तूच ठरव, असे आम्ही पोराला सांगितले. त्याने ठेवायचे ठरवले. रोज सकाळी तो निघतो तेव्हा टोपी घेतलीस का, असे आम्ही विचारतो. आणि एसटीत ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर बस, हेही सांगतो.