पहिल्या पाळीचा रविवार

पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, बहुतेक ठिकाणी ती गुरुवारी असते. विजेचा भार वाटून देण्याच्या सोयीतून आलेली ही पद्धत आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. लग्नाची बोलणी, दवाखाना, गावाकडच्या जमिनीचे काम, सगळे गुरुवारवर ढकलले जाते. मी मेथडिस्ट पाळक आहे आणि याच पट्ट्यातल्या मंडळीत सेवा करतो. रविवारी सकाळी आम्ही उपासनेला उभे राहतो तेव्हा मंडळीतली कितीतरी माणसे पहिल्या पाळीला मशीनवर उभी असतात. म्हणून आम्ही गुरुवारी संध्याकाळीही उपासना घेतो. पण ज्यांना ठेकेदाराने कामाला लावले आहे, त्यांना गुरुवारचाही भरवसा नसतो. माल जायचा असला की बोलावणे येते. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि पुढे ‘ब्रेक’ मिळण्याची, म्हणजे कामावरून काढले जाण्याची, भीती राहते.

प्रार्थनेसाठी माझ्याकडे येणाऱ्या विनंत्यांत एक सतत असते: मुलगा पर्मनंट होऊ दे. काही जण तिला केवळ पोटाची प्रार्थना मानतात. मला ती फार खोल वाटते. उद्या काम असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने घर कशाच्या भरवशावर घ्यायचे, मुलांना कोणत्या शाळेत घालायचे, आजारी आईला काय सांगायचे? रोजची भाकर आज दे, अशी प्रार्थना प्रभूने आम्हाला शिकवली. त्या भाकरीत मजुरी आली, कामाचे तास आले आणि कामावरून धडधाकट घरी परतणेही आले.

पवित्र शास्त्रात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गमाच्या पुस्तकात ते सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात मात्र देव आपल्या लोकांना आठवण देतो की तुम्ही मिसरात गुलाम होता. म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परकाही त्या दिवशी विसावा घेईल. विसावा आधी मालकाला आणि उरला तर नोकराला, असा क्रम त्यात नाही. वेशीच्या आतला परका वाचताना मला चाकणच्या चाळीत एका खोलीत दाटीवाटीने राहणारी बिहारची, ओडिशाची, मराठवाड्याची पोरे दिसतात. त्याच पुस्तकात पुढे सांगितले आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. ज्या धर्मग्रंथात पगाराची वेळसुद्धा लिहिलेली आहे, त्याच्या उपदेशकाने कामगाराच्या प्रश्नावर गप्प कसे बसावे?

या मातीत रविवारची सुट्टी चर्चने मिळवून दिली नाही. ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवली. महात्मा फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ वृत्तपत्राचे संपादक. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्यांनी संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्या सुट्टीचा लाभ जेजुरीला जाणाऱ्याला झाला, तसा मुसलमान विणकरालाही झाला आणि ख्रिस्ती कामगारालाही. विसाव्याची आज्ञा माझ्या ग्रंथात असेल, पण इथे ती अमलात आणणारा माणूस माझ्या चर्चचा नव्हता. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. देव आपले काम कुणाकडूनही करवून घेतो, अशी माझी श्रद्धा आहे.

मेथडिस्ट परंपरेचा जन्मही कामगारांच्या सोबतीने झाला. १७३९ मध्ये या परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर उपदेश करू लागले, कारण ती माणसे चर्चच्या दारापर्यंत येत नव्हती. वेस्ली राजनिष्ठ होते, क्रांतीची भाषा त्यांना रुचत नसे. तरी गुलामगिरीविरुद्ध त्यांनी १७७४ मध्ये पुस्तिका लिहिली, आणि १७९१ मध्ये मरणाआधी काही दिवस ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा सोडू नका असे बजावले. १८३४ मध्ये इंग्लंडमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतली म्हणून सात वर्षांच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. घटत्या मजुरीविरुद्ध ते एकत्र आले होते. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. लोकांनी आवाज उठवल्यावर १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने आपला सामाजिक मतांगीकार जाहीर केला. सात दिवसांत एक दिवस सुट्टी, जगण्यापुरते वेतन आणि धोकादायक यंत्रांपासून संरक्षण या मागण्या त्यात आहेत.

‘पाळकसाहेब, चर्चमध्ये राजकारण नको,’ असे मंडळीतली वडीलधारी माणसे मला कळकळीने सांगतात. त्यांची भीती मी समजू शकतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शेकडा एकही नाहीत. थोड्यांनी मोठ्याने बोलले की अंगाशी येते, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून कुणाला मत द्या, हे मी व्यासपीठावरून सांगत नाही आणि सांगणारही नाही. ती जागा कोणत्याही पक्षाची नाही. पण कायद्याने माणसाच्या आयुष्याचे तास ठरत असतील, तर त्या कायद्याविषयी बोलणे हे माझ्या सेवेतच येते. गप्प राहिल्याने मी तटस्थ ठरत नाही. ज्याच्या हातात आधीच जोर आहे, त्याच्या बाजूला माझे मौन जाऊन उभे राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. कागदावर ही संमती शोभून दिसते. पण ज्याची नोकरी ठेकेदाराच्या एका फोनवर टिकून आहे, तो नाही कुणाला म्हणणार? बारा तासांना तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीचे तास जोडा. मग बापाच्या वाट्याला मुलांची फक्त झोपलेली तोंडे येतात.

तासांइतकाच प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या कारखान्याला आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक बायका होत्या. देहूहून तुकोबांची पालखी ज्या शहरातून जाते, त्याच शहरात हे घडले. अशा वेळी मृतांसाठी प्रार्थना करणे हे आमचे कर्तव्यच आहे. पण यंत्रावर लिहिलेल्या सूचना त्या बायकांना वाचून कोण दाखवणार होते, आत-बाहेर जायच्या वाटा कुणी तपासायच्या होत्या, हे विचारणेही प्रार्थनेचाच भाग आहे. ते न विचारता दिलेले सांत्वन अपुरे राहते.

न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते, असे शास्त्र सांगते. म्हणून आमच्या मंडळ्यांनी आधी आपल्याकडे राबणाऱ्यांचे पाहावे. चर्चचा पहारेकरी, आवार झाडणारी बाई, शाळेतली तात्पुरत्या नेमणुकीवरची शिक्षिका, या सर्वांना आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार मिळालाच पाहिजे. त्यानंतर गुरुवारच्या उपासनेला जोडून पगारपत्रक वाचायला, पीएफचा हिशेब तपासायला, अपघाताची तक्रार लिहायला मदत करणारी माणसे बसावीत. धर्म, जात, प्रांत न विचारता ती मदत मिळावी. आणि कामाच्या तासांचा प्रश्न येईल तेव्हा कामगार संघटनांबरोबर चर्चनेही उघडपणे उभे राहावे. दासाला आणि परक्यालाही विसावा मिळावा, ही आज्ञा आम्ही दर आठवड्याला ऐकतो. ती पाळण्यासाठी कायदा बदलावा लागत असेल, तर तो बदलण्याचे काम मी माझ्या श्रद्धेचेच काम मानतो.