वल्हं हाती, गळ पाण्यात!

लोहारा म्हटलं की यवतमाळकरांना आठवते ती एमआयडीसी आणि तिथलं डेनिम. वीकएंडच्या यादीत हे नाव टाकायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण मॉल, मल्टिप्लेक्स आणि ट्रेकचाही कंटाळा आला असेल, तर जरा थांबा! नागपूरहून वर्ध्यामार्गे साधारण दीडशे किलोमीटरवर यवतमाळ आणि शहराला चिकटूनच लोहारा. इथे मुक्काम टाकला की निळोणा, चापडोह आणि बाभुळगाव तालुक्यातलं बेंबळा धरण असे तीन जलाशय एका दिवसाच्या टप्प्यात येतात. कयाक फिशिंगचं वेड डोक्यात शिरलं असेल, तर या पाण्याकडे एकदा नीट बघायलाच हवं.

होडी नवी, आयडिया जुनी

कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद, बुटकी होडी. आर्क्टिकमधले इन्युइट शिकारी ती सीलच्या कातड्यापासून बनवायचे, तीही शिकारीसाठीच. इंजिन नाही, आवाज नाही, त्यामुळे सावज बिचकत नाही. आपल्याकडचे ढिवर आणि भोई बांधव तरी वेगळं काय करतात? डोंग्यातून, ट्यूबवरून, कधी थर्माकोलच्या तराफ्यावरून ते जाळी टाकतात. तुमची कयाक फार तर महागडी. पाण्याची अक्कल मात्र त्यांच्याकडेच जास्त!

पहिला दिवस गळाविना

नवशिक्यांनी 'सिट-ऑन-टॉप' कयाक घ्यावी. दहा-बारा फूट लांब, पुरेशी रुंद. तिच्यात पाणी साचत नाही, भोकांमधून निघून जातं. पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा. लाइफ जॅकेट घालून काठाजवळ कयाक मुद्दाम उलटी करा. मग ती सरळ करायची, तिच्यावर आडवं पोट टाकायचं, पाय मारत वर सरकायचं आणि वळून बसायचं. हे तीन-चारदा जमलं की निम्मी भीती पळाली म्हणून समजा.

वल्हवताना नुसते हात नका चालवू, कंबरेपासून वळा. नाहीतर सोमवारी माऊसही उचलवणार नाही. आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. दमल्यावर परतताना तोच वारा मदतीला येतो. दुपारी वारा वाढण्याआधीच काठाला लागलेलं बरं. नांगर टाकायचा तर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. कडेला बांधलात तर कयाक कलंडलीच!

मरळची गंमत

धरणांत रोहू, कटला, मृगळ सोडलेले असतात. पण गळवाल्यांचा हीरो म्हणजे मरळ. हा मासा श्वास घ्यायला पाण्यावर येतो, त्यामुळे उथळ, गवताळ कडेला त्याची चाहूल लागते. बेडकासारखं आमिष गवतावरून ओढत आणायचं आणि धप्प! पण पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला, तर वल्हं वळवा. खाली आई-बाप पहारा देत असतात. त्यांना उचललंत, तर तो अख्खा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

पाणी कोणाचं?

खरा प्रश्न हाच आहे. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला मासा कुणाच्या तरी घरचा पगार असतो. आधी संस्थेत जाऊन विचारा, सिंचन खात्याची परवानगी घ्या. मासा परत सोडणार असाल तरीही! पाण्यावर तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या, तर तो कचराच असेल असं समजू नका. खाली जाळं असू शकतं. त्यात गळ अडकला, तर नुकसान त्यांचं.

निळोणा आणि चापडोह तर यवतमाळचं पिण्याचं पाणी. २०१८च्या उन्हाळ्यात ही धरणं आटली आणि शहर टँकरमागे धावलं. तेव्हा इथे फक्त काठावरून पाहा. कयाकचा विचार बेंबळ्यासारख्या मोठ्या पाण्यावर करा, तोही विचारूनच. संस्थेतल्या एखाद्या काकांना सोबत यायला सांगा, त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. बुडालेली झाडं कुठे आहेत आणि वारा कुठून उठतो, हे ते जितकं सांगतील तितकं कुठलीही महागडी किट सांगणार नाही.

कधी जाल? : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पाण्याला ओढ असते आणि मासे अंडी घालतात. उन्हाळ्यात वैदर्भीय ऊन आहेच!

सोबत काय? : लाइफ जॅकेट (अंगावर, डिकीत नाही), शिट्टी, टोपी, पिण्याचं पाणी, वल्ह्याला बांधायची दोरी, साडेसहा फुटी रॉड, गळ काढायला पक्कड, मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पिशवी. आणि हो, एक मित्र. एकट्याने जाऊ नका.